छप्पर निघणारं घर

५ फेब्रुवारी, सोमवार

नोकरी सोडून स्वतःचं दुकान थाटलं त्याला आज तीन आठवडे झाले, तरी सकाळी कुलूप उघडण्याआधी किल्ली हातात धरून दाराशी थांबते ती थांबतेच. एकोणीस वर्षं एका मोठ्या आर्किटेक्टच्या मॉडेल विभागात मान खाली घालून कापत-चिकटवत बसले. तिथे चूक झाली तर ती विभागाची असायची. इथे ती माझी.

दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत माझं टेबल, पट्ट्या, कटर, पुठ्ठ्यांचे ताव. मागच्या खोलीत ताईचं शिलाई मशीन. ती ऑर्डरप्रमाणे पडदे शिवते. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न मोडून माहेरी आली त्याला चाळीस वर्षं होत आली. माझं लग्न झालंच नाही, त्यामुळे आम्ही दोघीच. मला ती अजून भित्री भागूबाई म्हणते.

आतापर्यंत दोन कामं झाली. एका कंपनीला शाम्पूच्या नव्या बाटलीचे नमुने हातात धरून बघायचे होते, ते. आणि एका सिनेमासाठी फोमच्या चाळीस विटा. विटा इतक्या खऱ्या दिसल्या की उचलायला आलेला माणूस दोन्ही हात लावून, कंबर वाकवून जोर करायला गेला आणि मागच्या मागे बसला. त्या दिवशी ताई संध्याकाळपर्यंत हसत होती.

आज तिसरं काम आलं. एक गृहस्थ, पन्नाशीच्या आतले, इस्त्रीचा राखी शर्ट, बोलणं इतकं अदबीचं की मी मनातल्या मनात त्यांचं नाव नम्रराव ठेवलं. त्यांना लहानपणी राहिलेल्या घराचं मॉडेल हवंय. आईला पंचाहत्तराव्या वाढदिवसाला द्यायचंय. घर केव्हाच विकलं, आता तिथे परके लोक राहतात. नकाशे नाहीत, फक्त बाहेरून काढलेले फोटो. मी म्हटलं, आतलं कसं कळणार? तर म्हणाले, "बाहेरून बघून आतलं ओळखणारी एकच व्यक्ती आहे, असं तुमच्या जुन्या ऑफिसात ऐकलं."

खोटं कशाला लिहू, अंगावर मूठभर मांस चढलं. तीन आठवड्यांत तोंडावर कौतुक करणारा हा पहिलाच माणूस.

८ फेब्रुवारी, गुरुवार

फोटो त्रेचाळीस आहेत. दोन दिवस दुसरं काही केलं नाही. भीती एकच, की माझा अंदाज चुकला तर म्हाताऱ्या बाईंना आपलंच घर ओळखू येणार नाही.

पण घर बोलतं. सांडपाण्याचा पाइप जिथून उतरतो तिथे न्हाणीघर. दोन मजल्यांच्या मध्येच अर्धवट उंचीवर छोटी खिडकी असली तर तिथे जिन्याचं वळण. स्वयंपाकघराच्या खिडकीवर भिंत काळवंडलेली असते. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक रस्त्याकडे, एक मागे. रस्त्याकडच्या खोलीचा पडदा सगळ्या फोटोंत सारखाच, म्हणजे ती वापरात नाही. मागच्या खोलीचा पडदा कधी उघडा, कधी बंद. माणसं तिथे झोपतात.

दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत लहान मुलीचा गणवेश आहे, राखाडी, कॉलरला हिरवी पट्टी. आत्ता तिथे राहणाऱ्यांची मुलगी असणार.

१२ फेब्रुवारी, सोमवार

नम्रराव कच्चं मॉडेल बघायला आले. पांढऱ्या पुठ्ठ्याचं, एकास पंचवीस मापाचं. छप्पर उचललं की वरचा मजला दिसतो, वरचा मजला उचलला की खालचा. छप्पर निघतं हे बघून त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. तीनदा काढून तीनदा बसवलं.

मग एकेक विचारत गेले. स्वयंपाकघराच्या दारातून आत आलं तर जिना लगेच लागतो का? मधे कुठली खोली ओलांडावी लागते का? वरची मागची खोली झोपायची, हे नक्की का? मी सगळं सविस्तर सांगितलं, पडद्याचीसुद्धा गंमत सांगितली. ते फार मन लावून ऐकत होते.

ते गेल्यावर मात्र वाटलं, ज्या घरात लहानाचा मोठा झाला त्या घराचा जिना कुठे, हे हा माणूस मला विचारतोय. पण विसरतात लोक. आमच्या जुन्या घराला पायऱ्या किती होत्या, मला तरी कुठे सांगता येईल?

ताईचं वागणं मात्र कळलं नाही. तोंडात दोरा धरून ती बाहेर आली, नम्ररावांकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेली. नमस्कार नाही, पाण्याचं विचारणं नाही. एरवी आलेल्याला बसवून घेण्यात तिचा हातखंडा. मला ओशाळल्यासारखं झालं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईशी भांडण झालं.

दुपारी तिनं फोटो मागितले आणि कापड बेतायच्या टेबलावर ओळीनं मांडले. दोरीवरच्या कपड्यांवरून आणि भिंतीवरच्या सावल्यांवरून ते दिवसवार लावले. अकरा वेगवेगळे दिवस निघाले. मग एका फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे काळी रबरी कड होती. दुसऱ्यातही तीच, तिसऱ्यातही. म्हणाली, "हे उभं राहून काढलेले नाहीत. गाडीत बसून काढलेत."

मी म्हटलं, मग काय झालं? परक्याच्या दारात उभं राहून फोटो काढायला माणसाला संकोच वाटतो. ती म्हणाली, एकाही फोटोत कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. मी चिडले. कसंबसं एक काम मिळालंय, त्यातही तुला खोट काढायची आहे, असं काहीबाही बोलले. शेवटी जे बोलू नये तेही बोलले. "तुला प्रत्येक पुरुषात तो दिसतो."

ती फोटो गोळा करून आत गेली. संध्याकाळी एकत्र जेवलो, पण दोघींची तोंडं दोन दिशांना.

तो म्हणजे भावोजी. खरं सांगायचं तर माझ्याशी ते चांगलेच वागायचे. मी नऊ वर्षांची असताना ताई रुसून मावशीकडे राहायला गेली होती. भावोजी शाळेच्या दाराशी भेटले, म्हणाले, तू चित्रं छान काढतेस म्हणे, मावशीचं घर काढून दाखव बघू. मी आतल्या खोल्यांसकट काढलं. त्यांनी मला चोवीस रंगांची पेटी दिली. पुढे आठवड्याभरात ताई मावशीच्या जिन्यावरून पडली आणि मनगटाला प्लॅस्टर घालून घरी आली. ती पेटी मी तीन वर्षं पुरवली. चित्रकलेतलं पहिलं बक्षीस म्हणून अजून आठवते.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज दार आतून लावून लिहितेय.

प्रत्येक दार कुठल्या बाजूला उघडतं ते मॉडेलमध्ये अचूक हवं, असा नम्ररावांचा आग्रह. म्हणून भिंगाच्या दिव्याखाली फोटो घेतले, ताईनं दिवसवार लावलेल्या क्रमानंच. पहिल्या दिवसांतल्या फोटोंत खालच्या खिडक्यांना जाळ्या नाहीत. नंतरच्यात आहेत, कोऱ्या, रंगसुद्धा न दिलेल्या. मागच्या दाराला आधी एक कुलूप, मग दोन. शेवटच्या फोटोंत दोरीवर कपडेच नाहीत. आणि वरच्या खिडकीत एक बाई आहे. पडद्याची कड दोन बोटांनी जेमतेम चिमटीभर बाजूला करून खाली बघतेय.

अशी पडद्याची कड धरणारी बाई मी रोज बघते. दुकानाची घंटा वाजली की ताई आधी असंच बघते, मग दार उघडते.

तेवढ्यात फोन वाजला. नम्ररावच. वरच्या मागच्या खोलीला आतून कडी असेल का, आणि दार आत उघडतं की बाहेर, एवढंच विचारायचं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आईंना कडीचं काय करायचंय?"

ते हसले. "तुम्ही तर चौकशी करायला लागलात." आणि फोन ठेवता ठेवता अगदी मायेनं म्हणाले, "शनिवारी दुपारी तुमच्या ताई दुकानात एकट्याच होत्या वाटतं. दोन तास. मागचं दार उघडं टाकू नका म्हणावं, दिवस चांगले नाहीत."

शनिवारी मी पुठ्ठा आणायला गेले होते. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

ताईला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं मशीनवरचं कापड बाजूला केलं, मला समोर बसवलं आणि विचारलं, "मावशीच्या घराचं चित्र आठवतं?"

मी म्हटलं, आठवतं.

"जिन्याखालची खोली तू लाल रंगवली होतीस. मी तिथे झोपते म्हणून. त्यानं ते चित्र खिशातून काढून मला दाखवलं होतं. दार फोडून आत आल्यावर."

मी तिच्या मनगटाकडे बघत राहिले. ते अजूनही पूर्ण वळत नाही, कात्री ती डाव्या हातानं चालवते. मी समजत होते ती जन्मापासून डावरी आहे.

चाळीस वर्षांत का नाही सांगितलंस, असं विचारलं. म्हणाली, "नऊ वर्षांची होतीस, काय सांगायचं?" मग थांबून म्हणाली, "आता एकोणपन्नासची आहेस."

काही खाल्लं गेलं नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार

पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, फोटो बघितले, ऐकून घेतलं. पण घराचं मॉडेल करून घेणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसवायचा, असं त्यांनी विचारलं. घर कुठलं, बाई कोण, काहीच माहीत नाही. गृहस्थांनी दिलेला पत्ता खोटा निघाला, तिथे बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. पत्ता शोधून आणा, मग बघतो, म्हणाले.

बाहेर पडताना ताई म्हणाली, गणवेश. हिरव्या पट्टीची कॉलर सगळ्या शाळांना नसते. कापडवाल्याला विचारलं तर त्यानं एका दमात शाळेचं नाव सांगितलं. उद्या तिकडे जायचंय. घर शोधायची भीती वाटते. त्यांची गाडी तिथे उभी असली तर?

२२ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेपासून पाचवी गल्ली. वळणावर उभी राहिले आणि नुसती पाण्याची टाकी दिसली तरी ओळखलं. ज्या घरात कधी पाऊल टाकलं नाही त्याच्या जिन्याची वळणं मला पाठ होती. गल्लीत गाडी नव्हती. आम्ही दोनदा पुढे जाऊन परत आलो, मग घंटा वाजवली.

वर पडद्याची कड हलली. दार उघडलं नाही. आतून पायांचा आवाज जवळ आला आणि थांबला.

मी बोलायला तोंड उघडलं, पण ताईनं माझा दंड धरला आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाली, "दार उघडू नका. आतूनच ऐका."

मग तिनं सगळं सांगितलं. एक फोटो दाराखालून आत सरकवला. आत फोटो उचलल्याचा आवाज झाला. नंतर तरुण बाईचा आवाज आला, बसलेला. "मी कुठल्या खोलीत झोपते, सांगितलं का त्याला?"

ताई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "सांगितलं. मीच सांगितलं. मागची, वरची."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती फक्त "बरं" म्हणाली. मग विचारलं, मॉडेल केव्हा द्यायचंय? सोमवारी, मी म्हटलं. ते हातात आल्याशिवाय तो येणार नाही, म्हणाली. त्याला सगळं आधी नीट आखून लागतं, आमच्या लग्नात जेवणाच्या पंगतीसुद्धा त्यानं कागदावर आखल्या होत्या. शनिवारी तिचा भाऊ येऊन तिला आणि मुलीला घेऊन जाणार आहे. तोवर मी काम चालू ठेवायचं, काही कळलंय असं दाखवायचं नाही.

तिच्याकडे कोर्टाचा मनाई हुकूम आहे. नवऱ्यानं घराजवळ फिरकायचं नाही असा. त्याची प्रत तिनं दाराखालून दिली, फोन नंबरही. ती घेऊन ठाण्यात गेलो. आता मात्र साहेबांनी कागद दोनदा वाचले. सोमवारी दोन माणसं पाठवतो, त्याआधी तो दिसला तर लगेच फोन करा, म्हणाले.

त्यानंतर दुकानात येऊन मी तिच्या जिन्याला कठडा लावत बसले. कठडा सरळ लागला. याचीच लाज वाटली.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

तो आज आला. सोमवारी नाही, आज, पावणेबाराला.

मॉडेल झालंय तसं द्या, म्हणाला. आईची तब्येत बिघडलीय, थांबायला नको. आवाज तसाच मऊ. मी म्हटलं, छपराचा गोंद ओला आहे, हलवलं तर सुटेल. एकोणीस वर्षांत गोंदाबद्दल मी कुणाशी खोटं बोलले नव्हते. त्यानं छपरावर तर्जनी टेकवली, उचलली, बोटाचं टोक बघितलं. कोरडं. मग माझ्याकडे बघितलं.

आणि ताई बाहेर आली.

गळ्यात टेप, डाव्या हातात कात्री. त्याला पहिल्यांदा बघून आत पळालेली माझी ताई त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, असं उघडं कसं नेणार? आईंना द्यायची वस्तू. मी मखमलीचं आवरण शिवते, अर्ध्या तासात होईल. कुठला रंग आवडतो आईंना? निळा की मरून? झालर लावू की साधंच? तिनं मॉडेलची मापं घेतली, चुकली म्हणून पुन्हा घेतली. आईंचं माहेर कुठलं, भावंडं किती, सगळं विचारत गेली. आपणच सांगितलेल्या आईसाठी त्याला थांबणं भाग होतं. कात्रीचं टोक तिनं सगळा वेळ टेबलावर टेकवून ठेवलं होतं. हात थरथरलेला दिसू नये म्हणून, हे तिनं नंतर सांगितलं.

मी खोकं बघते म्हणून आत गेले. मशीनच्या मागे खाली बसून आधी त्या बाईला फोन लावला. "आज," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, निघाले. मग पोलिसांना लावला. नंबर दोनदा चुकला. साहेब म्हणाले, हुकूम घराजवळचा आहे, दुकानात धरता येणार नाही; माणसं घरात बसवतो, तोवर त्याला थांबवा.

बाहेर आले तेव्हा ताई झालर लावत होती. पस्तीस मिनिटं तिनं त्याला धरून ठेवलं. शेवटी त्यानं आवरण हातातून ओढूनच घेतलं. ज्यात तो कधी लहानाचा मोठा झालाच नव्हता ते घर मी स्वतः उचलून गाडीत ठेवलं. मागच्या सीटवर. पट्टासुद्धा लावला.

गाडी वळली तशी ताईनं दाराला दोन्ही कड्या लावल्या आणि जमिनीवर बसली. मीही तिच्याजवळ बसले. ती माझा हात धरून होती की मी तिचा, सांगता येणार नाही.

चार वाजता साहेबांचा फोन आला. बाई शाळेतून मुलीला घेऊन थेट ठाण्यात पोहोचली होती. तो तीनच्या सुमाराला मागची भिंत ओलांडून स्वयंपाकघराच्या दारानं आत शिरला. कुठेही न थांबता, अंधाऱ्या जिन्यावर न अडखळता, सरळ वरच्या मागच्या खोलीत गेला. तिथे दोन पोलीस बसले होते. त्याच्याजवळ काय सापडलं ते साहेब सांगत होते. मी म्हटलं, नको.

"तुमचं मॉडेल मात्र अगदी तंतोतंत आहे हो," ते म्हणाले. कौतुकानं म्हणाले. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन ओकले.

२८ फेब्रुवारी, बुधवार

जबाब दिला. मॉडेल पुराव्याच्या कपाटात आहे, चिठ्ठी बांधून. हे तुम्हीच केलंत का, असं विचारलं. हो म्हटलं आणि सही केली.

ताई पुन्हा पडदे शिवायला बसली आहे. ती मला काही बोलत नाही. मीच तिची माफी मागितली, चित्राबद्दल. ती म्हणाली, सुईत दोरा ओवून दे, मला दिसत नाही. मी ओवून दिला. एवढंच झालं.

११ मार्च, सोमवार

त्याला जामीन मिळाला. साहेबांनी आधीच कल्पना दिली होती, तरी ऐकल्याबरोबर मी मागच्या दाराची कडी बघून आले. आमच्या दुकानाकडे फिरकायचं नाही अशी त्याला अट आहे. अटीचा कागद माझ्या खणात ठेवलाय. असा कागद त्या बाईकडेही होता.

दुपारी त्या बाईचा फोन आला, अनोळखी नंबरवरून. आता त्या दोघी दूर राहायला गेल्या आहेत. मुलगी नव्या शाळेत जाते, रात्री झोपते, असं सांगत होती. त्या दिवशी दाराशी नीट बोलले नाही, म्हणाली. मला रडू येत होतं.

तिचा आवाज किंचित घुमत होता. म्हणजे खोली मोठी, सामान अजून लागलेलं नाही, छत उंच. मागे लिफ्टचं दार सरकलं, अगदी जवळ, भिंतीपलीकडेच. खाली कुठेतरी लाकूड कापायची करवत चालली होती आणि तिचा आवाज वरून नाही, खालून डावीकडून येत होता. म्हणजे पहिला मजला, खिडकी मागच्या अंगणाकडे, झोपायची खोली तिच्या—

मी म्हटलं, "फोन ठेवा."

ती घाबरली. काय झालं, विचारायला लागली.

"काही नाही. माझ्याशी बोलू नका. पुन्हा फोन करू नका. मला ऐकू येतंय."

तिला कळलं असावं. फोन बंद झाला. मी तो नंबर पुसून टाकला. ताई मागच्या खोलीतून विचारत होती, कुणाचा फोन होता? मी म्हटलं, कुणाचा नाही.